घटना जाते, भावना राहते

२०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमर झालेल्या १७ जणांना सुमारे वीस मिनिटं चित्रपटांतले दुःखद प्रसंग दाखवण्यात आले. सगळे गलबलले, जसे आपण गलबलतो. थोड्या वेळाने त्यांना विचारलं, काय पाहिलंत? बहुतेकांना फारसं काही सांगता येईना. काहींना तर एकही तपशील आठवेना. पण त्यांच्या मनाची अवस्था मोजली, तेव्हा दुःख होतं तिथेच होतं. अर्ध्या तासानेही ते पुरतं ओसरलेलं नव्हतं. आणि सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी, की ज्यांना चित्रपट सर्वांत कमी आठवत होता, त्यांचं दुःख सर्वांत जास्त वेळ टिकलं.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं असं आहे. आपली समजूत नेमकी याच्या उलट असते. अल्झायमर किंवा दुसऱ्या प्रकारचा डिमेन्शिया झालेल्या आईला, सासऱ्यांना सांभाळणारे थकून म्हणतात, ‘काही बोललं तरी पाच मिनिटांत विसरतात, त्यांना काय त्याचं?’ विसरतात हे खरं आहे. पण विसरतात ती घटना. तिने मनात उठवलेला कढ मागे राहतो आणि त्याला आता कारणही उरत नाही. आपण उदास असलो तर स्वतःची समजूत घालू शकतो, की तो नुसता सिनेमा होता, किंवा साहेब सकाळी उगाच ओरडले. ज्याच्यापाशी कारणच शिल्लक नाही, त्याने समजूत कशाची घालायची? सकाळी दहा वाजता अंघोळीवरून झालेली खडाजंगी बारा वाजता दोघांपैकी एकालाच आठवत असते, पण जेवणाचं ताट दूर लोटणारा असतो दुसरा.

याची दुसरी बाजूही त्याच प्रयोगात होती. आनंदी प्रसंग दाखवल्यावर उमटलेली प्रसन्नताही आठवणीवाचून मागे राहिली. म्हणजे दुपारी आजींच्या डोक्याला दहा मिनिटं तेल चोळलं आणि संध्याकाळी त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे कुणी लक्षच देत नाही’, तरी ती दहा मिनिटं वाया गेलेली नसतात. मला हा शोध सांभाळणाऱ्यांसाठी फार मोठा दिलासा वाटतो. ज्या कामाची पोचपावती कधीच मिळत नाही, ते काम आत कुठेतरी पोचतंय याचा हा पुरावा आहे.

आता एक अवघड प्रसंग घेऊ. आई दर तासाला विचारते, ‘हे अजून आले नाहीत?’ वडील जाऊन वीस वर्षं झाली आहेत. खरं सांगितलं की ती दर वेळी नव्याने विधवा होते. तासाभराने प्रश्न पुन्हा येतो, पण रडू मागेच उरलेलं असतं. अशा वेळी प्रश्नाच्या शब्दांना उत्तर देऊन भागत नाही, प्रश्नामागच्या ओढीला द्यावं लागतं. ‘बाबांची आठवण येतेय ना? त्यांना चहा कसा लागायचा गं?’ एवढ्याने बहुतेकदा बोलणं वळतं आणि आई गवती चहा, आलं, कमी साखर यांत रमते. हे खोटं बोलणं झालं का, असा प्रश्न अनेक प्रामाणिक मुलांना छळतो. मला तसं वाटत नाही. आईला तारीख हवी नसते, सोबत हवी असते. ती देण्यात काही खोटं नाही. ‘मला घरी जायचंय’ हे घरातच बसून म्हटलेलं वाक्यही असंच ऐकावं. त्या घराचा पत्ता शोधत बसू नये, त्या माणसाला काय दुखतंय, कशाची भीती वाटतेय, लघवीला जायचंय का, ते पाहावं.

पण आठवण गेली तरी भावना का राहते? कारण आठवण ही एकच एक वस्तू नाही, घटनेची नोंद गेली तरी बाकीचं सगळं तिच्याबरोबर जात नाही. हे कळलं एका माणसामुळे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर त्याच्या मनात नवी घटना टिकेनाशी झाली. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याच्यासाठी नवाच. माँट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावरच्या चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट न बघता आरशात बघून. हे कुणालाही सुरुवातीला जमत नाही. हेन्रीलाही जमलं नाही. मग सरावाने जमू लागलं आणि तिसऱ्या दिवशी तर त्याचा हात सफाईने फिरत होता. मात्र दर दिवशी तो सांगे, की हे काम त्याने पूर्वी कधी पाहिलेलंच नाही. हात शिकला होता, आणि हेन्रीला त्याचा पत्ताच नव्हता.

अल्झायमरची पडझड साधारणपणे याच हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या पट्टीत सुरू होते आणि तिथून ठरावीक क्रमाने पसरत जाते. हाइको आणि ईव्हा ब्राक या जर्मन संशोधक दांपत्याने १९९१ साली शवविच्छेदनात मिळालेले मेंदू तपासून हा क्रम मांडला. हातांच्या सवयी मात्र वेगळीकडे राहतात. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियात आणि मागच्या लहान मेंदूत. रोग तिथे उशिरा पोचतो. म्हणून नातवाचं नाव विसरलेल्या आजी लसूण सोलतात, वाती वळतात, कोथिंबीर निवडतात, साडीची घडी काठाला काठ लावून घालतात.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. दात घासायला लावायचे आहेत. ‘दात घासा’ हे वाक्य आजोबांच्या कानात पोचतं, पण ब्रश उचलायचा, पेस्ट लावायची, तोंडाशी न्यायचा, ही साखळी शब्दांतून उलगडत नाही. मग घरची माणसं ब्रश घेऊन त्यांच्या तोंडात घालू पाहतात आणि आजोबा हात झिडकारतात. कुणीही झिडकारेल. त्याऐवजी ब्रश त्यांच्या हातात द्यावा, आपला हात त्यांच्या हाताखाली धरावा आणि पहिली हालचाल सुरू करून द्यावी. पुढचं अनेकदा त्यांचा हात स्वतः करतो, सत्तर वर्षांची सवय असते ती. घास भरवताना, केस विंचरताना, शर्टाची बटणं लावताना हेच. हात वरून धरला की पकड वाटते, खालून धरला की आधार वाटतो. सांभाळायला ब्युरोतून मावशी येत असतील, तर त्यांना ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी करून दाखवावी.

गाण्याची जागाही अशीच राखलेली आहे. जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली आधी निरोगी माणसांत जुनी, ओळखीची गाणी मेंदूच्या कोणत्या भागात जागी होतात ते शोधलं, मग अल्झायमरच्या रुग्णांत तो भाग किती झिजला आहे ते पाहिलं. बाकीच्या मेंदूच्या मानाने तो बराच शाबूत निघाला. महाराष्ट्रातल्या घरांना हे प्रयोगाआधीच दिसलं असेल. वाक्य पुरं करू न शकणारे आजोबा गणपतीत टाळ्या वाजत सुरू झालेली आरती शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतात. वारकरी घरातल्या आजींचा हरिपाठ चालू राहतो. गोव्यातल्या कॅथलिक घरात रोजारची प्रार्थना बोटं आणि ओठ मिळून म्हणतात.

मला इथे जात्यावरच्या ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या बायकांपैकी अनेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. ओवी त्यांच्या हाताच्या फिरण्यात, श्वासात, पहाटेच्या वेळेत साठली होती. अशा आजी तुमच्या घरात असतील आणि आता बोलत नसतील, तर जातं नसलं तरी चालेल, खुंटा धरल्यासारखा त्यांचा हात हातात घेऊन गोल फिरवावा आणि त्या लयीत काहीतरी गुणगुणावं. ओवी येईलच असं नाही. आली तर मोबाइल काढायच्या आधी नीट ऐकून घ्यावी.

गाणी निवडताना एक लक्षात ठेवावं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी १८८१ साली लिहून ठेवलं, की विस्मरण ताज्या आठवणींपासून जुन्यांकडे सरकतं. आज तरुण पिढीला आवडणारी जुनी गाणी उपयोगाची नाहीत, आजोबा पंधरा ते पंचवीस वर्षांचे असताना जी चालली होती ती शोधावीत. भाषेचंही असंच. नोकरीत चाळीस वर्षं इंग्रजी बोललेला माणूस बालपणीच्या बोलीकडे परत येऊ लागतो. अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेल्या मराठी मुलांना, आईवडिलांना तिथल्या वृद्धनिवासात ठेवायची वेळ आली, तर हा मुद्दा खोलीच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे. मालवणीत किंवा अहिराणीत पाणी मागणाऱ्या आजींना तिथे पाणी कोण देणार?

आता डोळ्यांकडे वळू. डोळा तपासला तर ठीक असतो, पण डोळ्यांनी पाठवलेलं चित्र वाचणारा मेंदूचा मागचा भाग अडखळतो. रंगांतला फरक, खोली, कडा नीट कळत नाहीत. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका रुग्णालयात बळावलेल्या अल्झायमरच्या काही मोजक्या रुग्णांना पांढऱ्या ताटाऐवजी भडक लाल ताट आणि लाल पेला देऊन पाहिला. २००४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खाणं २५ टक्क्यांनी वाढलं आणि पिणं ८४ टक्क्यांनी. अन्न तेच, वाढणारी माणसं तीच. पुढे गडद निळं ताटही चाललं, फिकट लाल मात्र चाललं नाही. म्हणजे जादू लाल रंगाची नव्हती, ताट आणि अन्न वेगवेगळं दिसण्याची होती.

आपल्या स्वयंपाकघरात हे ताडून बघावं. पांढऱ्या मेलामाइनच्या ताटात दहीभात, किंवा चकाकणाऱ्या स्टीलच्या वाटीत साधं वरण आणि वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. पारदर्शक काचेच्या पेल्यात पाणी. आजोबा जेवत नाहीत, हट्ट करतात, अशी तक्रार होते, पण त्यांना समोर अन्न आहे हेच दिसत नसण्याची शक्यता आपल्या मनात येत नाही. एक गडद रंगाचं, काठ असलेलं ताट आणि तसाच रंगीत पेला, एवढाच खर्च आहे. एका वेळी एकच पदार्थ वाढला तर आणखी सोपं जातं. संपूर्ण मराठी ताट, म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, दोन भाज्या, हे थकलेल्या मेंदूला एक कोडं होऊन बसतं.

याच कारणाने दारातलं काळं पायपुसणं अनेकांना खड्डा वाटतं. ते उंबऱ्याशी थबकतात आणि आपण मागून ‘चला, चला’ म्हणून ढकलतो. फरशीवरची पाण्यासारखी चमक त्यांना खरंच पाणी वाटते. कपाटाच्या आरशात रात्री दिसणारा म्हातारा माणूस घरात घुसलेला परका असतो, कारण स्वतःच्या मनात ते अजून चाळिशीचे असतात. पायपुसणं बदलावं, आरशावर चादर टाकावी. बाथरूमचं दार रात्री उघडं ठेवून आत दिवा लावून ठेवावा, म्हणजे अंथरुणातून ते दिसेल. पांढऱ्या फरशीवरच्या पांढऱ्या कमोडला गडद रंगाची सीट बसवली, तर कितीतरी वेळा चादर ओली होणं टळतं.

अंघोळीची भांडणं बहुतेक घरांत होतात. मागून आलेला माणूस दिसत नाही, कारण नजरेचा घेर आकसलेला असतो, आणि डोक्यावर अचानक ओतलेला तांब्या हल्ल्यासारखा वाटतो. समोरून यावं, नजरेच्या पातळीवर वाकून बोलावं. मोरी आधी वाफेने ऊबदार करून घ्यावी. खांद्यांवर पंचा तसाच राहू द्यावा, कारण लाज शेवटपर्यंत जात नाही. पाणी पायांपासून सुरू करावं आणि तांब्या त्यांच्याच हातात द्यावा. डोकं दुसऱ्या दिवशी धुतलं तरी चालतं. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आपला संस्कार आहे, वैद्यकाची ती अट नाही. ओल्या टॉवेलने अंग पुसलं तरी पुष्कळ.

संध्याकाळचं गूढ वेगळं आहे. दिवेलागणीला अनेक घरांत अस्वस्थता चढते. येरझाऱ्या, रडणं, संशय, दाराकडे धाव. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असा पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं घड्याळ तो चालवतो आणि रोजचा उजेड बघून ते लावून घेतो. अल्झायमरमध्ये हा पुंजकाही झिजतो. त्यात दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत बसून राहिलं, तर घड्याळाला लावून घ्यायला काही उरतच नाही. नेदरलँड्समधल्या १२ वृद्धनिवासांत दिवसभर भरपूर प्रखर प्रकाश ठेवून पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उदासी कमी झाली आणि बुद्धीची घसरण किंचित का होईना, मंदावली. युरोपातल्या हिवाळ्यात त्यासाठी दिवे लागतात. आपल्याकडे सकाळी आठ वाजता गॅलरीत खुर्ची टाकली की पुरतं. संध्याकाळी मात्र उलटं करावं. अंधार पडण्याआधीच घरातले दिवे लावून सावल्या घालवाव्यात, टीव्हीवरच्या बातम्यांचा आरडाओरडा बंद करावा आणि त्याच वेळी हाताला काम द्यावं.

इथे एक धोक्याची सूचना, कारण ती माहीत नसल्याने माणसं दगावतात. डिमेन्शिया हळूहळू वाढतो, महिन्यांनी, वर्षांनी. काल बरं असलेलं माणूस आज एकाएकी भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, गुंगीत गेलं किंवा भलतंच खवळलं, तर ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसू नये. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी कमी होणं, चार दिवसांची बद्धकोष्ठता, साखर उतरणं, पडल्यावर डोक्यात झालेला रक्तस्राव, किंवा अगदी सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. त्यावर उपचार होतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. झोपेचं औषध मनाने सुरू करू नये. निदानाच्या सुरुवातीलाही बी-१२ आणि थायरॉइड तपासलं आहे ना, ऐकू येतंय ना, कानात मळ तर नाही ना, एवढं विचारून घ्यावं. नीट ऐकू न येणारं माणूस विसराळू वाटायला वेळ लागत नाही.

घराबाहेर निघून जाणं ही सगळ्यांत मोठी धास्ती. दाराची कडी नेहमीच्या उंचीवर असते तिथे हात सवयीने जातोच. ती अगदी वर किंवा अगदी खाली बसवली तर नजरेच्या टप्प्याबाहेर राहते. पण घरात एकटं कोंडून मात्र कधीही जाऊ नये, आग लागली तर सुटका नाही. सदऱ्याच्या खिशात, पाकिटात, गळ्यातल्या लॉकेटमध्ये फोन नंबर ठेवावा. आणि वॉचमन, वाणी, रिक्षास्टँड, समोरचा इस्त्रीवाला यांना सांगून ठेवावं. लाजेने हे लपवणारी घरं पुष्कळ आहेत. जपानने २००५ पासून नेमक्या याच गोष्टीची चळवळ केली. सुमारे दीड तासाचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मनगटावर नारिंगी कडं घालायचं. बँकेतले कारकून, दुकानदार, शाळकरी मुलं असे एक कोटीहून जास्त लोक त्यात आले. गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाशी समोरून, शांतपणे, एका वेळी एकच प्रश्न विचारून बोलायचं, एवढंच ते शिकतात. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयानंतर अर्धा तास यासाठी काढता येईल.

इथपर्यंत सांगितलं ते आजारी माणसाबद्दल. पण या सगळ्या युक्त्या वापरणार कोण? बहुतेक घरांत एकच बाई. बायको, सून किंवा लग्न न झालेली मुलगी. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दाखवलं. तेवढीच सांभाळणारी माणसं त्यांच्यामागे उभी आहेत आणि त्यांची मोजदाद कुणी करत नाही.

त्यांच्यासाठी काय करता येतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उत्तर गोव्यातून आलं आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून पाहिलं, तेव्हा डिमेन्शियाची लक्षणं सगळ्यांना ओळखीची होती. पण हा आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. वय झालं, साठी बुद्धी नाठी, किंवा मग घरच्यांनी हेळसांड केली म्हणून असं झालं, ही कारणं होती. म्हणजे जी सून रात्र रात्र जागत होती, तिच्याच माथी दोष येत होता.

पुढे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबं घेऊन एक प्रयोग केला. ४१ कुटुंबांना लगेच मदत मिळाली, बाकीच्यांना सहा महिन्यांनी. मदत करणारे तज्ज्ञ नव्हते. स्थानिक भाषा येणारी, शक्यतो बारावीपर्यंत शिकलेली, म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायची तळमळ असलेली गावातलीच माणसं होती. त्यांना आठवडाभर प्रशिक्षण दिलं आणि पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. ती किमान पंधरवड्यातून एकदा घरी जात. हा आजार आहे, कुणाचा दोष नाही, हे समजावून सांगत. रात्रीची जाग, संशय, अंघोळीचा त्रागा यांवर काय करता येईल ते त्या घरात बसून ठरवत. कुठलं पेन्शन मिळेल, कुठला अर्ज करायचा ते सांगत. गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत. आणि दोन गांजलेल्या कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत.

२००८ साली निष्कर्ष छापून आला. ज्या घरांत ही माणसं गेली, तिथल्या सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण स्पष्ट कमी झाला होता. रुग्णाच्या वागण्याने होणारा जाचही कमी झाला होता. रुग्णांचं वागणं मात्र फारसं बदललेलं नव्हतं. मृत्यूही कमी दिसले, पण इतक्या लहान गटात तो योगायोग असू शकतो. मी या निष्कर्षापाशी फार वेळ थांबते, कारण आजार तोच राहिला, त्रास तोच राहिला आणि तरीही घरातलं माणूस तगलं. एवढा फरक पडला, तो पंधरवड्याला येऊन शेजारी बसणाऱ्या, नीट शिकवलेल्या एका सामान्य माणसामुळे.

न्यूयॉर्कमध्येही असंच दिसलं आहे. तिथे संशोधक मेरी मिटलमन यांनी अल्झायमरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या ४०६ पतीपत्नींपैकी अर्ध्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका दिल्या. त्यांतल्या चार बैठकांत बाकीच्या नातेवाइकांनाही बसवलं, आणि पुढे लागेल तेव्हा फोनवर मदत ठेवली. त्या घरांत रुग्णाला नर्सिंग होममध्ये ठेवायची वेळ सरासरी ५५७ दिवसांनी पुढे गेली. सहा बैठका आणि एक फोन, त्यांतून दीड वर्ष. असा परिणाम एखाद्या गोळीने दाखवला असता, तर वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं असतं.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन १४५६७ वर आहे. सांभाळणारीला स्वतःलाच कोसळल्यासारखं वाटत असेल, तर टेली-मानस १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. केरळात १९९२ साली सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था कुटुंबांचे गट चालवते, मुंबईसह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. आणि कागदपत्रं लवकर करावीत, फार लवकर. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण ते देणाऱ्याची समज गेली की भारतीय कायद्यात ते मुखत्यारपत्रही संपतं. मग आईच्याच खात्यातले पैसे आईच्याच औषधाला काढण्यासाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं. निदान झाल्यावर, समज शाबूत असतानाच, संयुक्त खातं, नामांकन आणि मृत्युपत्र उरकून घ्यावं. मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत असावं. हा विषय काढायला जड जातो. तरी काढावा, आणि त्यांना समोर बसवून, त्यांना विचारून काढावा.

उरलं नातेवाइकांचं. दूर राहणारे भाऊ, दीर, नणंदा फोनवर ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात. सांभाळणारी कधीच काही सांगत नाही, कारण काय लागतंय याचा विचार करायलाही तिला सवड नसते. त्यापेक्षा ‘शनिवारी चार ते सात मी येऊन बसते, तू बाहेर जा’ असं वेळ धरून सांगावं. आल्यावर आजोबांना ‘ओळखलंत का मला?’ असं विचारू नये, ती परीक्षा असते आणि ते नापास होतात. समोर बसून आपलं नाव आणि नातं आपणच सांगावं. ‘मी सुमन, तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी.’ मटार सोलायला न्यावेत, जुने फोटो न्यावेत, त्यांच्या तरुणपणची गाणी मोबाइलमध्ये भरून न्यावीत. सात वाजता सांभाळणारी परत आली की तिला चहा द्यावा, काय काय झालं ते दोन वाक्यांत सांगावं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये पुढच्या शनिवारच्या चौकटीत आपलं नाव लिहून मगच चपला घालाव्यात.